फिटलेलं कर्ज रिपोर्टात उभंच

प्रश्न : दुचाकीचं कर्ज दोन वर्षांपूर्वी पूर्ण फेडलं. फायनान्स कंपनीचा नाहरकत दाखला आहे, आरसी बुकावरचा बोजाही उतरवलाय. आता घरकर्जासाठी गेलो तर सिबिल रिपोर्टात त्याच खात्यावर १,१८० रुपये थकीत दिसतात. कंपनी म्हणते सिबिलला सांगा, सिबिल म्हणतं कंपनीला विचारा. जायचं कुणाकडे?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दोन्हीकडे, पण आधी कंपनीकडे. सिबिल ही लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी, ती स्वतःहून एक आकडाही बदलत नाही. ज्यानं नोंद पाठवली त्यानं दुरुस्ती मान्य केली तरच ती बदलते. म्हणून ऑनलाइन तक्रार टाकून वाट पाहत बसणाऱ्यांच्या हाती बहुधा 'नोंद बरोबर आहे' एवढंच उत्तर येतं.

आधी ताजा पूर्ण रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. संकेतस्थळावर पैसे भरायच्या योजना पुढे येतील, त्या सोडून द्या. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्यानं स्कोअर, म्हणजे कर्जफेडीवरून मिळणारे गुण, घटत नाही. दुचाकीच्या खात्यात 'डेट रिपोर्टेड', म्हणजे कंपनीनं माहिती पाठवल्याची तारीख शोधा. ती कर्ज फिटण्याच्या आधीची असेल, तर कंपनीनं नंतर माहिती पाठवलीच नाही. ती गेल्या महिन्यातली असेल, तर कंपनीच्या संगणकात तुमचं खातं आजही उघडं आहे. तुमच्या बाबतीत दुसरीच शक्यता जास्त वाटते. १,००० रुपये कसलंतरी शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असा १,१८० चा हिशोब बसतो.

रक्कम किरकोळ आहे म्हणून भरून मोकळे होऊ नका. आज भरलंत तर खातं आजच्या तारखेला बंद झाल्याचं लागेल आणि मधल्या दोन वर्षांचे थकीत दिवस तसेच राहतील. नवी बँक नेमकं तेच पाहते. रिपोर्टातल्या महिन्यांच्या चौकटीत '०००' म्हणजे वेळेवर, '०३०' म्हणजे तीस दिवस उशीर. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहितीच आली नाही. तो डाग नव्हे.

कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या. सोबत नाहरकत दाखला, शेवटचा हप्ता दाखवणारा बँक उतारा आणि रिपोर्टाचं ते पान जोडा. मागणी नेमकी लिहा : चालू बाकी शून्य, थकबाकी शून्य, खाते बंद झाल्याची तारीख दाखल्यावरची, आणि त्यानंतरच्या महिन्यांचे थकीत दिवस काढावेत. शुल्क कसलं होतं हेही खातेउताऱ्यासह मागा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारखेची पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका. तोंडी आश्वासनाला पुढे कुठेच किंमत नसते.

त्याच दिवशी सिबिलच्या संकेतस्थळावर 'डिस्प्यूट', म्हणजे हरकत, नोंदवा. त्याला पैसे लागत नाहीत. इथे बरेच जण चुकतात : रागाच्या भरात 'हे खातं माझं नाही' हा पर्याय निवडतात. खातं तर तुमचंच आहे! कंपनी तसं कळवते आणि तक्रार बंद होते. तुम्ही खातं तुमचंच ठेवून बाकी, थकबाकी आणि बंद झाल्याची तारीख या रकान्यांवर हरकत घ्या.

इथून दिवस मोजा. कंपनीनं २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवायची आणि एकूण ३० दिवसांत तक्रार निकाली निघायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उशीर २० दिवसांचा झाला तर २,००० रुपये. ज्याच्यामुळे उशीर झाला त्यानं ते द्यायचे. दुरुस्ती नाकारली तर कारण सांगणंही बंधनकारक आहे. दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रारींच्या पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पोच तिथे कामाला येते.

दुरुस्ती झाल्यावर उरलेले तीन रिपोर्टही पाहा. नवी बँक कोणता रिपोर्ट काढेल, सांगता येत नाही.

प्रश्न : पीककर्जाची रक्कम साखर कारखान्यानं ऊसबिलातून मुदतीआधी कापली, पण बँकेत दीड महिना उशिरा जमा झाली. रिपोर्टात थकीत दिसतंय. माझी चूक काय?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : तुमची चूक नाही, पण बँक पैसे खात्यात आल्याची तारीख धरते. तेव्हा नोंद चुकीची आहे असं म्हणून चालणार नाही. उशीर कुठे झाला ते कागदावर दाखवावं लागेल. बिलाच्या पावतीवरची कपातीची तारीख, कारखान्यानं बँकेला रक्कम पाठवल्याच्या तारखेचं पत्र आणि कर्जखात्याचा उतारा, हे तिन्ही शेजारी ठेवा. पैसे बँकेत वेळेत पोचून तिथेच दुसऱ्या खात्यात अडकले असतील तर दुरुस्तीचा हक्क पक्का आहे. कारखान्याकडेच अडकले असतील तर बँकेला विनंती करता येते, सक्ती नाही. मात्र कारखान्याचं पत्र नव्या कर्जाच्या अर्जाला जोडा. ते पाहून शाखाधिकारी विचार करू शकतो.

प्रश्न : मित्राच्या ट्रॅक्टर कर्जाला जामीन राहिलो. त्यानं हप्ते थकवले आणि नोंद माझ्या रिपोर्टात. ती काढून घेता येईल?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. जामीनदार म्हणून तुमची सही असेल तर नोंद खरीच आहे, आणि खऱ्या नोंदीवर हरकत टिकत नाही. थकबाकी भरणं किंवा बँकेच्या संमतीनं दुसरा जामीनदार देणं, एवढेच मार्ग. तडजोडीत काही रक्कम माफ करून घेतलीत तर खात्यावर 'सेटल्ड' लागतं, 'क्लोज्ड' नाही. पुढचं कर्ज मागताना तेही अडतं, म्हणून परवडत असेल तर पूर्ण फेडा.

प्रश्न : न घेतलेलं मोबाइल अॅपचं कर्ज माझ्या नावावर दिसतंय. 'सिबिल साफ करून देतो' म्हणणारा एजंट भेटलाय. त्याला काम देऊ का?
– एक वाचक, उचगाव

उत्तर : देऊ नका. तो जे करेल ते तुम्ही फुकट करू शकता, आणि आधार, पॅन व ओटीपी त्याच्या हाती देणं म्हणजे नवं संकट. 'हे खातं माझं नाही' हा पर्याय तुमच्यासाठी आहे. त्या खात्यासोबतचा पत्ता, फोन, जन्मतारीख तपासा. तपशील दुसऱ्या माणसाचे असतील तर नावसाधर्म्यामुळे किंवा पॅन चुकून टाकल्यामुळे गल्लत झाली असेल. तपशील तुमचेच आणि कर्ज मात्र तुमचं नसेल तर ती फसवणूक आहे. मग आजच १९३० वर फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा. कर्जाची रक्कम कोणत्या बँक खात्यात गेली, ते त्यांच्याकडून लेखी मागा.