जुनी कंपनी म्हणून डोळे झाकून मेडिक्लेम घेऊ नकोस
अरे न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स ही विमा कंपनी 1919 सालची, दोराबजी टाटांनी काढलेली, सगळं खरंय, पण कंपनीच्या वयावर बिलं भरली जात नाहीत ना. कंपनी कुठलीही असू दे, एजंटकडून ब्रोशर नको, पॉलिसी वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटींचा पूर्ण कागद, माग आणि आधी रूम रेंटची लिमिट बघ. समजा कव्हर 5 लाख, लिमिट रोज 1 टक्का म्हणजे 5,000, आणि तू 10,000 ची रूम घेतलीस तर नुसतं भाडं नाही, डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटरचे चार्जेस पण त्याच प्रमाणात निम्मे कापू शकतात, लोक तिथेच अडकतात. कॅशलेसचं, म्हणजे बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते त्याचं, मात्र जवळच्या हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरच (विम्याचे क्लेम बघणारं काउंटर) विचार, वेबसाइटवरच्या यादीचा काय भरवसा. आणि शुगर-बीपी असेल तर फॉर्मवर लिहीच, एजंट "राहू दे हो" म्हणाला तरी.