आरोग्य शिक्षणाचं काम आयुष्यभर केलेलं कुणी तुम्ही जवळून पाहिलं आहे का? त्यांच्याबद्दल काय सांगाल?

हो, पाहिलं आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण आपला फोटो कुठे छापून आलेला त्यांना कधीच आवडला नाही. नाशिकला पेठ रोडवरच्या आमच्या वस्तीत सगळे त्यांना ताई म्हणायचे. मीही तेच म्हणते.

माझी पहिली आठवण एका तांब्याची आहे. मी चौथीत होते. धाकट्या भावाला हगवण लागली होती आणि आईने त्याचं पाणी तोडलं होतं. पाणी दिलं की पुन्हा होतं, ही तेव्हाची घरोघरची समजूत. ताई आल्या आणि भावाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. वळी तशीच उभी राहिली, हळूहळू बसली. आईला त्या रागावल्या नाहीत. तिलाच चिमूट घेऊन बघायला लावली, मग माझ्या पोटावर घ्यायला लावली. माझी कातडी झटकन सपाट झाली. आईच्या चेहऱ्यावरूनच कळलं की तिला समजलंय. ताई एवढंच म्हणाल्या, "भाजी कोमेजली की पाणी शिंपडता ना, मग पोराचं का तोडता?"

मग त्यांनी लिटरची बाटली मागवली, तांब्यात ओतली आणि पाणी आलं तिथे आतून खिळ्याने ओरखडा मारला. एक लिटर पाणी, चहाच्या चमच्याने सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. प्रत्येक चमचा काडीने सपाट करायचा. मीठ घातल्यावर चाखायचं, डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर सगळं ओतून द्यायचं आणि पहिल्यापासून करायचं. ते पाणी त्यांनी स्वतः केलं नाही, आईने केलं. घोट घोट पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजायचं. पोर सुस्त पडलं, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसलं तर मात्र घरी बसायचं नाही, थेट दवाखाना. (आता ओआरएसची पाकिटं आशाताईंकडे फुकट मिळतात, सोबत 14 दिवसांच्या झिंकच्या गोळ्या. घरात पाकीट असेल तर तेच वापरा.)

पुढे बारावीनंतर मी त्यांच्याबरोबर फिरायला लागले, तेव्हा कळलं की हे शिकवणं त्या जामखेडला शिकून आल्या होत्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक अक्षरओळखही नसलेल्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. ताई म्हणायच्या, "तिथे दलित घरातली एक बाई बाळंतपणाच्या धोक्याची लक्षणं सांगत होती आणि मी, बारावी शिकलेली, वही काढून लिहून घेत होते." त्या दिवसापासून त्यांनी 'अडाणी' हा शब्द तोंडात घेतला नाही. आमच्यापैकी कुणी घेतला तर त्या बोलता बोलता थांबायच्या आणि आमच्याकडे बघत राहायच्या.

पेठ, सुरगाण्याहून बायका हंगामात दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. छाटणी, थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं). ताई संध्याकाळी बागेच्या कडेच्या झोपड्यांवर जायच्या. तिथला मोठा प्रश्न रक्त कमी असण्याचा. गरोदर बाईला लोहाच्या 180 लाल गोळ्या मिळतात, पण बहुतेक जणी आठवडाभरात सोडायच्या. का सोडता, हे विचारायला कुणी बसलंच नव्हतं. ताई बसल्या. बायका आधी लाजल्या, मग एक म्हणाली, "शी काळी होते, आतून काही सडलं असं वाटतं." कारण एवढं साधं होतं. तेव्हापासून गोळी हातात द्यायच्या आधीच ताई सांगायच्या: शी काळी होणार, ते लोह आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्या. वर चहा नको, लिंबू चालेल. चहाने लोह अंगी लागत नाही. पुढच्या खेपेला त्यांनी आधी रिकाम्या पट्ट्या मागितल्या, गोळ्या मागाहून दिल्या.

एकदा एका आरोग्य केंद्रात कित्येक आठवडे याच गोळ्या संपलेल्या होत्या. आम्ही पोरी चिडून तिथल्या सिस्टरला बोलायला निघालो. ताईंनी अडवलं. "तिच्याकडे आलंच नाही तर ती देईल कुठून? वरून का आलं नाही ते विचारा." बायकांना घेऊन माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, साठा नोंदवहीच्या सहा महिन्यांच्या प्रती मागितल्या. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. उत्तर यायच्या आधी गोळ्या आल्या. अर्जावर ज्या आजींनी अंगठा लावला होता, त्या पुढे कितीतरी दिवस तो अंगठा दाखवत फिरायच्या.

साप चावला की लोक भगताकडे धावायचे. ताईंनी भगताशी भांडण मांडलं नाही. त्याच्या अंगणात बसून चहा घेतला आणि म्हणाल्या, "बाबा, मंत्र गाडीत म्हणा, पण गाडी दवाखान्याकडे जाऊ द्या. पाय करकचून बांधू नका, कापू नका, माणसाला चालवू नका." काही सुशिक्षित मंडळींना हे पटलं नाही, अंधश्रद्धेला खतपाणी घालता म्हणाले. मला अजूनही वाटतं की ताईंचं बरोबर होतं. भगत गाडीत बसला की घरचेही बसायचे.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्या गेल्या, घरीच, दुपारी. नेत्रदानाचा अर्ज त्यांनी फार आधी भरला होता, आणि गेल्यानंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात हे आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. मी पोचले तेव्हा द्राक्षबागेत कामाला येणारी एक बाई आधीच तिथे होती. ताईंच्या पापण्या मिटून वर ओल्या कापसाचे बोळे ठेवलेले, डोकं दोन उशांवर उंच केलेलं, पंखा बंद. नेत्रपेढीला फोनही झाला होता. खोलीत भट्टीसारखी धग होती. बाहेरगावहून आलेल्या एका नातेवाईक बाईंनी पंखा लावायला हात वर केला, तर तिने तो हात धरला. "पंखा नको मावशी. वाऱ्याने बुबुळं सुकतात, मग दुसऱ्याला बसत नाहीत. या, इथे दाराशी बसा, मी सांगते तुम्हाला."