दशावतारासाठी जुना ए६००० ठेवू की अल्फा वन घेऊ?

प्रश्न : नमस्कार दादा, मी कुडाळ तालुक्यातला, घरचा आंब्याचा धंदा आहे, फोटोची आवड कॉलेजपासूनची. माझ्याकडे सोनीचा ए६००० आहे, २०१५ ला घेतलेला, त्याच्यासोबत आलेली १६-५० ची किट लेन्सच अजून वापरतो. गेली सहा-सात वर्षं आमच्या आजूबाजूच्या जत्रांत रात्रभर बसून दशावताराचे फोटो काढतोय. यंदा मुंबईवरनं मावसभाऊ आला होता, त्याच्याकडे सोनीचाच महागडा अल्फा वन आणि ८५ एमएम १.८ लेन्स, त्याने एक रात्र मला वापरायला दिला आणि खरं सांगतो तेव्हापासून माझा कॅमेरा हातात घ्यावासाच वाटत नाही. दिवसाचे फोटो मोबाइलवर दाखवले तर कुठला कशातला ते घरच्यांना ओळखता आलं नाही, पण रात्रीचे माझे सगळे दाणेदार आणि हललेले आणि त्याच्यातले लख्ख. थोडे बागेचे पैसे आणि बाकी हप्त्याने असं करून सेकंडहँड अल्फा वन घ्यायचं डोक्यात आहे. बाबा म्हणतात चालतोय ना कॅमेरा, मग कशाला. तुम्हीच सांगा.

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडलो. भावाच्या कॅमेऱ्यावर ८५ ची १.८ होती आणि तुमच्यावर किट लेन्स. म्हणजे त्या रात्री तुम्ही नुसते कॅमेरे नाही ताडून बघितलेत, लेन्सही बदललीत, आणि त्या लख्ख फोटोंचं सगळं श्रेय कॅमेऱ्याला देऊन टाकलंत.

हिशोब करून बघू. तुमची किट लेन्स ५० एमएमला झूम केली की जास्तीत जास्त ५.६ पर्यंत उघडते (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त येतो). ५.६ आणि १.८ मधे उजेडाचा फरक जवळपास दहापट येतो (५.६ ला १.८ ने भागा आणि येईल त्याचा वर्ग करा). आता सेन्सर बघा, म्हणजे उजेड टिपणारी चिप, ए६००० चा लहान, एपीएस-सी, आणि अल्फा वनचा मोठा, फुल फ्रेम, क्षेत्रफळात फुल फ्रेम साधारण सव्वादोन ते अडीच पट मोठा. म्हणजे त्या रात्री तुम्हाला जो फायदा दिसला त्यातला दहापटीचा भाग लेन्सचा आणि अडीचपटीच्या आतला भाग सेन्सरचा. लाखोंच्या कॅमेऱ्याने जेवढं दिलं त्याच्या कितीतरी जास्त त्याच्यापुढे लावलेल्या साध्या प्राइम लेन्सने (झूम नसलेल्या) दिलं. दोन्ही कॅमेऱ्यांचा माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ती कडी, एकच, ई-माउंट, त्यामुळे तीच ८५ काढून तुमच्या ए६००० वर बसली असती. भाऊ पुढच्या वेळी येईल तेव्हा एक रात्र एवढं नक्की करून बघा, बँकेत जायच्या आधी.

मी स्वतः जत्रेत किट लेन्सने काढलेले फोटो काढून बघितले, आयएसओ ६४०० (हा वाढवला की फोटो उजळतो पण दाणे येतात), लेन्स ५.६, शटर १/६० सेकंद असे आकडे आहेत आणि राक्षसाची तलवार म्हणजे नुसता पांढरा फराटा आलाय. तिथेच १.४ ची लेन्स असती तर उजेड सोळापट, म्हणजे चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), त्यातले दोन आयएसओला दिले तर १६०० वर आलो आणि दोन शटरला दिले तर १/२५० मिळाला, बॉडी तीच, उजेड तोच. सिग्माची ५६ एमएम १.४ तुमच्या कॅमेऱ्यासाठीच बनलेली लेन्स आहे, त्यावर ती साधारण ८४ एमएमचं काम करते म्हणजे भावाच्या लेन्सएवढंच जवळ दिसेल. अख्खा रंगमंच, पायपेटीवाला पखवाजवाला सगळे हवे असतील तर सिग्माचीच ३० ची १.४. दोन्ही एकदम घेऊ नका, आधी ५६. उद्या फुल फ्रेम घेतलात तरी ती टाकून द्यावी लागणार नाही, अल्फा वनवर लावली की तो कॅमेरा आपणहून मधला भाग कापून घेतो आणि ५० मेगापिक्सेलपैकी साधारण २१ उरतात, त्याही काय कमी नाहीत.

आता अल्फा वन म्हणजे नुसतं नाव असंही मी म्हणणार नाही. ए६००० आला २०१४ ला, अल्फा वन २०२१ ला, मधल्या सात वर्षांत फोकस कुठल्या कुठे गेलाय. तुमच्याकडे फोकस धरायचे १७९ फेज डिटेक्शन पॉइंट, तिकडे ७५९. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे अंधारात ए६००० चा फोकस ईव्ही शून्यापर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, जितकं खाली तितका अंधार) काम करतो आणि अल्फा वनचा उणे चारपर्यंत, हा चार स्टॉपचा फरक लेन्स बदलून सगळा भरून निघत नाही. सगळ्यात जास्त कळतं ते संकासुर राक्षस आल्यावर. काळा पोशाख, मागे काळोख, आणि तो एका जागी थांबत नाही, तुमचा कॅमेरा तिथे पुढेमागे शोधत बसणार आणि तोवर तो प्रेक्षकांत पोचलेला असणार. अल्फा वन चेहरा सापडला की डोळा धरून ठेवतो. ए६००० मधे डोळा पकडायची सोय आहे पण ती स्थिर माणसाला, हलत्याच्या मागे ती जात नाही. त्याला उपाय मी करतो तो असा, मधला एकच पॉइंट ठेवायचा आणि संकासुराचं अंग सोडून जिथे पांढरं आणि काळं भेटतं त्या कडेवर फोकस धरायचा, दाढी-मिशी असो की कमरेचा शेला. दहातले चार मिळतात. चार मिळाले तरी जत्रा सार्थकी लागली असं मी मानतो.

दुसरी गोष्ट आवाज. तुमच्या कॅमेऱ्यात आवाज पूर्ण बंद करायची सोय नाही, शटर वाजणारच. पखवाज चालू असताना कोणाला ऐकू येत नाही पण सुरुवातीला गणपतीचं स्तवन चालू असतं तेव्हा पुढच्या रांगेत बसून खटखट करणं मला स्वतःला बरं वाटत नाही, तिथे मी दोन-तीन फोटोंवर थांबतो. अल्फा वन इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला ३० फोटो काढतो आणि चूं होत नाही. तुमचाही काही हळू नाही, ११ काढतो, पण रॉमधे (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलीत) वीस-बावीस झाले की थबकतो आणि कार्डावर लिहीपर्यंत वाट बघायला लावतो, म्हणून बटण दाबून धरू नका, उडी दिसली की तेवढ्यापुरतं दाबा.

लाइटचं एक सांगतो कारण हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी फ्लड आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/२५० ला काढलेत तर एक फोटो उजळ, पुढचा मळकट पिवळा, असं होईल आणि तुम्ही कॅमेऱ्याला दोष द्याल. ही लुकलुक (फ्लिकर) सांभाळायची सोय अल्फा वनमधे आहे, ए६००० मधे नाही. तेव्हा संवाद आणि गाणं चालू असताना सरळ १/१०० ठेवा, युद्ध सुरू झालं की १/२५० आणि दोन-चार जास्त काढा म्हणजे बरा उजेड असलेला एक तरी हाताशी येतो. पहाटे दहीकाल्याच्या वेळी आभाळ उजळायला लागलं की हा त्रास आपोआप कमी होतो, तिथे तर तुमचा कॅमेरा कुठेच कमी पडणार नाही.

दाणेदारपणाचं म्हणाल तर रॉमधे काढता का ते तुम्ही लिहिलं नाहीत. काढत नसाल तर आजपासून काढा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधे २०२३ पासून दाणे काढणारं एआय डिनॉइज आलंय, त्याने जुन्या कॅमेऱ्यांच्या फाइलींना दुसरा जन्म मिळालाय असं मला मनापासून वाटतं, तुमचे सहा-सात वर्षांतले रॉ असतील तर पहिले ते उघडा. छापायला २४ मेगापिक्सेल भरपूर होतात, ए३ आकाराला ३०० डीपीआयने लागतात त्याहून जास्तच.

आणि वजन. बॅटरी-कार्ड धरून तुमचा ३४४ ग्रॅम, अल्फा वन ७३७. रात्री अकरापासून पहाटेपर्यंत हातात धरायचा म्हटलं की हे कळतं, पण मला त्याहून मोठी वाटते ती रंगपटातली गोष्ट. कलाकार पेटाऱ्यासमोर बसून स्वतःचा रंग स्वतः लावत असतात, एक बल्ब असतो, जागा दोन माणसांची आणि बसलेले सहा. तिथे लहान कॅमेरा घेऊन कोपऱ्यात बसलेल्या पोराला कोणी उठवत नाही. मोठी बॉडी मोठी लेन्स बघितली की माणसं पोझ द्यायला लागतात, आणि स्त्रीपार्टी नट कुंकू लावता लावता स्वतःत गेलेला असतो तो क्षण गेला म्हणजे गेला. तुमचे खरे फोटो तिथे आहेत असं मला वाटतं, रंगमंचापुढून सगळेच काढतात.

तर माझं स्पष्ट मत, हप्ते नकोत, कॅमेरा विकू नका (दहा वर्षांच्या बॉडीला फार काही येणार नाही), ५६ घ्या, दोन जादा बॅटऱ्या घ्या कारण ती छोटी एफडब्ल्यू५० तीनशे-साडेतीनशे फोटोंत संपते, आणि दोन हंगाम काढा. लग्नांची कामं घ्यायला लागलात तर गोष्ट वेगळी, तिथे एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा हवाच, तुमच्यात एकच कार्ड बसतं आणि ते बिघडलं तर मुलीच्या बापाला काय सांगणार. तेव्हा कॅमेरा स्वतःच्या कमाईतनं घ्या, बागेतनं नको. बाबांना ही बाजू वाचून दाखवा, ते निम्मे बरोबर आहेत, फक्त लेन्सला पैसे लागणार हे त्यांनाही मान्य करावं लागेल.

प्रश्न : कॅननचा एम५० आहे, २२ एमएम एफ २ आणि अजून एक ईएफ-एम लेन्स आहे. कॅननचाच आर५ घेतला तर या लेन्स लागतील का? दुकानदार म्हणतो अडॅप्टर मिळतो. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लागणार नाहीत, आणि दुकानदार सांगतोय तो अडॅप्टर ईएफ लेन्सचा असणार, ईएफ-एमचा नाही. ईएफ-एम लेन्स सेन्सरपासून १८ मिलिमीटरवर बसते आणि आर५ चा माउंटच २० मिलिमीटरवर आहे, मग मधे अडॅप्टर घालायला जागा कुठून आणणार. तुमच्याकडे जुन्या ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स असत्या तर त्या अडॅप्टरने छान चालल्या असत्या. म्हणजे तुमचा खर्च नुसत्या बॉडीचा नाही, सगळंच नव्याने. हे आकडे कागदावर मांडा आणि मगच मुंबईला जा.

प्रश्न : हर्णैला राहतो, घर खाडीला लागून. पाच वर्षांत दोन लेन्सना बुरशी लागली. महागडा, हवामानापासून जपणूक असलेला कॅमेरा घेतला तर हा त्रास जाईल का?

उत्तर : नाही जाणार. ती रबरी सील पावसाचे शिंतोडे आणि धूळ अडवते, हवेतला दमटपणा अडवत नाही, झूम लेन्स पुढेमागे होताना हवा आत ओढतेच. माझीही एक लेन्स एका पावसाळ्यात बॅगेत राहून गेली, काचेच्या आत जाळं पसरलं, दुरुस्तीवाल्याने उघडून पुसली तरी कोपऱ्यात डाग राहिला तो राहिलाच. बॅगेत ठेवणं बंद करा, कापड आणि फोम दमटपणा धरून ठेवतात. घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर कढईत परतून घ्या, परत निळे होतात, ती कढई मात्र स्वयंपाकाला परत वापरू नका. बंदरावरनं आलात की आधी स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसा, खार निघून जातो, मग कोरड्या कपड्याने पुसा आणि तासभर पंख्याखाली ठेवून मगच डब्यात घाला.