गावाच्या जंगलावर सामूहिक वनहक्काचा दावा करायचा आहे. आधी संस्था नोंदवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गट ग्रामपंचायतीतला एक टोला (छोटी वस्ती), दहा-बारा पोरं कामाला तयार, जंगलाचा सामूहिक दावा टाकायचाय. तर आधी सोसायटी रजिस्टर करावी का आणि खर्च किती येईल?

नका करू. त्यामुळे खर्चाचा प्रश्न मी बाजूलाच ठेवतो.

2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक दावा ग्रामसभेचा असतो. संस्था, मंडळ, बचत गट यांना दावेदार म्हणून तिथं जागाच नाही. ग्रामसभा म्हणजे तुमच्या टोल्यातले सगळे प्रौढ. ती नोंदवावी लागत नाही, असतेच.

तुमचा प्रश्न वाचला आणि गडचिरोलीतल्या एका गावाची फाइल डोळ्यापुढे आली. गावाचं नाव सांगत नाही. फाइल देखणी होती: रंगीत नकाशा, स्पायरल बायंडिंग, वर संस्थेचं लेटरहेड. दावेदाराच्या रकान्यात ग्रामसभेऐवजी संस्थेचं नाव. वरच्या कार्यालयातून ती तोंडीच परत आली. संस्थेचा अध्यक्ष म्हणाला, लेटरहेड काढू, बाकी आहे तसंच पाठवू. पण उघडून बसलं तर बाकीचं त्याहून कच्चं निघालं.

आधी ठराव. टोल्यात मतदार 212, ठरावावर सह्या 74, त्यात बाया 11. ग्रामसेवकानं ‘कोरम पूर्ण’ लिहिलं होतं आणि त्याच्या हिशेबानं ते खोटं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातलं जे कमी असेल ते चालतं. वनहक्काच्या ग्रामसभेला चालत नाही. वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर किमान निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात, आणि दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी बसलेले असावे लागतात. म्हणजे इथं 106 माणसं हवी होती आणि त्यात 36 बाया. कोरम नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि पुढच्या सभेत कोरमशिवाय उरकून घ्यायचं, ही पंचायतीची सवयही इथं कामाची नाही.

बाया 11 च का? सभा मार्चअखेरीस, सकाळी दहाला. मोहफुलं पडायच्या दिवसांत बाई अंधारातच टोपली घेऊन निघते आणि उन्हं चढल्यावर परत येते. मेमध्ये तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टला रोवणी. ज्यानं तारीख ठरवली त्यानं हे धरलंच नव्हतं. सभा धान निघाल्यावर घ्या, डिसेंबर-जानेवारीत, रात्रीची जेवणं उरकल्यावर. सह्या सुरुवातीलाच, शिलाई केलेल्या वहीत, मतदार यादीतला अनुक्रमांक समोर लिहून. अंगठ्याशेजारी नाव हवंच. ठराव सभा उठायच्या आत वाचून दाखवा, आणि लोक गोंडी बोलत असतील तर गोंडीत समजावून सांगा. सुटे कागद दारोदार फिरवून गोळा केलेल्या सह्या लगेच ओळखू येतात, शाई एक आणि घाईही एक.

मग समिती. वनहक्क समितीत 10 ते 15 जण लागतात, त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश बाया. या लोकांनी संस्थेची सात जणांची कार्यकारिणीच समिती म्हणून दाखवली होती, सातही पुरुष. समिती ग्रामसभेनं निवडायची असते. अध्यक्ष-सचिव तिनं आपल्यातून ठरवायचे आणि ग्रामसभेच्या वर दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीला लेखी कळवायचं.

सगळ्यात महाग पडला तो नकाशा. तालुक्याला बसून, फोनवर, वनखात्याचे कक्ष (जंगलाचे त्यांनी पाडलेले भाग) क्रमांकानं बघून काढलेला. कक्ष वनखात्याचे असतात, शीव गावाची असते, आणि दोन्ही क्वचितच जुळतात. काढलेली रेघ शेजारच्या गावच्या मोहाच्या झाडांवरून गेली आणि त्या ग्रामसभेनं हरकत घेतली. भांडण जंगलाचं नव्हतंच, वीस-पंचवीस मोहांचं होतं. पण तेवढ्यावर फाइल अडली.

शीव पायी फिरायची. सोबत भूमया किंवा गायता (गावचा पारंपरिक प्रमुख किंवा पुजारी), दोन-तीन म्हातारी माणसं, आणि जळण-कंदाला जाणाऱ्या बाया, कारण आतल्या वाटा त्यांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतात. प्रत्येक वळणावर जीपीएसचा बिंदू घ्या आणि त्याच्यापुढे लोकांच्या तोंडचं नाव लिहा: नाला, दगड, पेनस्थान (गोंडांच्या देवाची जागा), जुनी विहीर. तीन-चार दिवस धरा. त्याआधी लागून असलेल्या प्रत्येक गावाला पत्र द्या. शीव वादाची असेल तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष लेखी द्यायचा असतो. तरी मिटलं नाही तरच उपविभागीय समिती. जिथं दोन्ही गावं जातात तिथं सामायिक वापर असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

वनखात्यालाही पडताळणीची तारीख लेखी कळवा आणि पोच घ्या. पोचेशिवाय सगळं व्यर्थ. त्यांचा माणूस आला नाही आणि पुढे त्याच कारणावरून सामूहिक दाव्यावर हरकत आली, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही ते गैरहजर राहिले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हे वनहक्क नियमांतल्या 12-अ मध्ये आहे. नियम छापून जवळ ठेवा, समोरच्यानं वाचलेला असेलच असं नाही.

पुरावे एकापेक्षा जास्त लागतात. आमच्या पूर्व विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाचे जंगल-जमिनीवरचे जुने हक्क नोंदवलेले महसुली कागद) यांच्या नकला अभिलेख कक्षातून काढता येतात. त्याच्या जोडीला चराई, कंदमुळं, मासेमारीच्या जागा, स्मशान, देवराई आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब. सॅटेलाइट चित्र जोडपुरावा म्हणून चालतं, बाकी पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. अमुकच कागद आणा असा हट्ट कोणी धरला तर लेखी मागा.

आणि नमुने दोन असतात! ‘ब’ हा वापराच्या हक्कांचा, म्हणजे गौण वनोपज (बांबू, तेंदू, मोह असला लाकूड सोडून मिळणारा माल), चराई, मासे. ‘क’ हा सामूहिक वनसंपत्तीचा, म्हणजे राखायचा आणि व्यवस्थापनाचा. त्या फाइलीत ‘क’ तेवढा होता, वेचायच्या हक्कांचा ‘ब’ कोणी भरलाच नव्हता. दोन्ही भरा.

यावर संस्थावाले म्हणतात, गावकऱ्यांना एवढी कागदपत्रं जमत नाहीत, म्हणून संस्था लागते. वर्षानुवर्षं ऐकतोय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टरचा हक्क मिळाला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तिथं मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा कार्यकर्ता कायम सोबत होता, नाकारत नाही. पण गावात अभ्यासगट बसायचा आणि निर्णय सर्वसहमतीनं ग्रामसभेत व्हायचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं 2012 ला हक्क मिळाल्यावर बांबू विकला आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. हातातलं उत्पन्न सोडायचा असा निर्णय कोणत्या संस्थेनं घेतला असता? तिच्या अहवालात त्याला रकानाच नसतो. दुसऱ्यानं बनवलेली फाइल मंजूर होतेही. पण पहिल्यांदा ठेकेदार पैसे देईना झाला की गाव संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसतं, कारण हिशेबाची वही तिथं असते.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. तुमचा टोला गावांच्या यादीत स्वतंत्र नसेल तर आधी ते मार्गी लावा. 2012 च्या दुरुस्तीत पाडे-टोल्यांच्या यादीची तरतूद आहे, पेसा क्षेत्रात (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा लागू असलेल्या भागात) वेगळा रस्ताही आहे. गावात आदिवासी नसलेले असतील तर ‘इतर पारंपरिक वननिवासी’साठी 75 वर्षांच्या वास्तव्याची अट येते. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे 60 दिवसांत जायचं असतं आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात 2020 पासून त्याच्यावर विभागीय समिती आहे. पण अपिलाला लेखी आदेश लागतो, म्हणून तोंडी परत आलेली फाइल घेऊच नका. ग्रामसभेच्या नावानं बँक खातं आणि पॅन लागेल, त्याला संस्था लागत नाही.

संस्था कधीच काढू नका असंही नाही. प्रशिक्षण, प्रवास, कोर्टकज्जे यांसाठी पुढे लागली तर सात जण जमवा. पण दरवर्षी ऑडिट आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, हे करायला माणूस आहे का ते आधी बघा.

पट्टा (मंजूर हक्काचा दाखला) हातात आला की फोटो काढायच्या आधी तो वाचा. नाव ग्रामसभेचंच आहे ना, की वनखात्याच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचं टाकलंय? कक्ष आणि क्षेत्र ठरावाशी जुळतं का? ‘वनखात्याच्या कार्य आयोजनेच्या (वर्किंग प्लॅनच्या) अधीन राहून’ अशी अट घुसवली असेल तर त्याच आठवड्यात ग्रामसभेचा हरकतीचा ठराव करून पाठवा. व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभेच्या समितीनं करायचा असतो आणि कार्य आयोजनेत तो सामावून घ्यायचा असतो, उलटं नाही.