जांभ्यावरील कोरीव चित्रे नोंदवायला जाताना पाठीवर काय असावे

चार विद्यार्थ्यांचा गट, फेब्रुवारी ते मे एवढा काळ, गोव्यातील कुशावती नदीकाठची आणि सत्तरी तालुक्यातील कोरीव चित्रे नोंदवायची, हाती 60 हजार रुपये, आणि त्यांतून ड्रोन घ्यावा की चांगले जीपीएस यंत्र, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते यंदा दोन्ही घेऊ नयेत. झाडीखाली ड्रोनला खडक दिसत नाही. हातातले जीपीएस उघड्यावर 3 ते 5 मीटरपर्यंत अचूक असले तरी दाट झाडीत त्याहून बरेच चुकते, आणि तेवढे काम तुमचा मोबाइलही करतो. तुमची खरी गरज आहे ती प्रकाशावर ताबा ठेवण्याची आणि केलेली नोंद कोरडी, शाबूत घरी आणण्याची.

प्रकाशाविषयी थोडे सविस्तर सांगतो. 1993 साली उजेडात आलेली, कुशावतीकाठच्या उसगाळीमळची चित्रे जांभ्यावर कोरलेली आहेत. हा दगड मुळातच सच्छिद्र आणि खडबडीत असल्यामुळे भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात रेषा आणि दगडाची स्वतःची छिद्रे एकमेकांत मिसळून जातात. तेथे कोरलेला बैल दुपारी दिसला नाही, तर तोच संध्याकाळी पाचनंतर पाहावा; ऊन तिरके झाले की आधी शिंगांची कड उमटते, मग पाठीची रेषा, आणि तेथे काही नव्हते असे ज्याला वाटले होते तो माणूस थक्क होतो. हा तिरका प्रकाश दिवसा कोणत्याही वेळी मिळवण्यासाठी सर्वांत मोठ्या आकाराची काळी छत्री आणि एक साधा एलईडी दिवा पुरेसा आहे. छत्रीने सावली धरावी आणि दिवा खडकाच्या पातळीपासून जेमतेम 10 ते 15 अंशांवर ठेवून चारही बाजूंनी एकेक छायाचित्र घ्यावे. अनेक छायाचित्रे संगणकावर जोडून केलेल्या त्रिमितीय प्रतिकृतीसाठी मात्र हा प्रकाश वापरू नये. तेथे सावली मऊ आणि स्थिर हवी, लगतच्या दोन छायाचित्रांत 70 ते 80 टक्के भाग समान हवा आणि चौकटीत निदान दोन मोजपट्ट्या हव्यात. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू भरणे, पाणी ओतणे किंवा तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणे हे कोणीही, कधीही करू नये. त्याने झालेली हानी भरून येत नाही.

होकायंत्र अवश्य घ्या, पण त्यावर विसंबू नका. जांभ्यात लोहाचे प्रमाण मोठे असते, त्यातील काही अंश चुंबकीय असतो, आणि आपल्या खाणपट्ट्यात तर ही अडचण अधिकच जाणवते. एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मी होकायंत्र थेट दगडावर टेकवून दिशा घेतली आणि घरी उपग्रहचित्रावर आराखडा ठेवला तेव्हा तो सुमारे 14 अंशांनी फिरलेला निघाला. दोन दिवसांचे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून मी होकायंत्र कमरेच्या उंचीवर, हातोडी आणि पट्टे दूर ठेवून धरतो आणि मोजणीच्या प्रत्येक रेषेची दिशा दोन्ही टोकांवरून घेतो. दोन्ही वाचनांत 180 अंशांचा फरक आला नाही, तर जवळचे लोह सुईला ओढत आहे असे समजावे. शिवाय पुलाचा कोपरा किंवा देवळाचा कळस असा उपग्रहचित्रावर ओळखता येणारा दूरचा बिंदू आराखड्यात घ्यावा.

वीज म्हणजे पॉवर बँक. घडीचे सौर पॅनेल नदीकाठच्या सावलीत ओझेच ठरते. 20,000 एमएएच लिहिलेल्या बँकेतून मोबाइलच्या 5 व्होल्टवर प्रत्यक्षात सुमारे 12 ते 13 हजारच मिळतात, हे धरून दोन घ्याव्यात. कॅमेऱ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल हवे. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नये. काचेवर धरलेले पाणी आत शिरले की पुढे भिंगाला बुरशी येते. नोंदी पेन्सिलीनेच कराव्यात. घामाच्या हाताखाली शाई पसरते, मे महिन्यात वळिवाची सर येते, पेन्सिल मात्र टिकते. 30 मीटरचा फायबरचा टेप, दोरी, ओळंबा आणि उत्तर दाखवणारा बाण एवढे झाले की पिशवी भरली.

सत्तरीत म्हाऊस गावाच्या बाजूला जाताना गोचिडांना दूर ठेवणारे मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हेही साहित्यातच धरावे, कारण गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाचा हंगाम नेमका तुमच्या कामाच्या महिन्यांत येतो. खुरपे आणि करणी घरीच ठेवा. संरक्षित स्थळी नोंदणीसाठीसुद्धा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला आधी अर्ज करावा, आणि पृष्ठभागावरचे खापर किंवा दगडी हत्यार परवानगीशिवाय उचलू नये; जागीच मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे.

निघण्यापूर्वी एक संध्याकाळ सराव करा. जुन्या घराच्या हाताने तासलेल्या चिऱ्यांच्या भिंतीसमोर छत्री धरा, दिवा खाली आणत न्या, आणि चिरेकाऱ्याच्या हत्याराचे तिरके घाव एकेक मोजता येतील तेथे थांबा. दिव्याचा तो कोन वहीत लिहून ठेवा आणि उसगाळीमळला पहिले छायाचित्र दिवा त्याच कोनात ठेवून घ्या.