वाचकांचे प्रश्न : नवी चेन टाकली, तरी उडते

प्रश्न : वडिलांची जुनी सायकल सहा वर्षं अंगणात पडून होती. नवी चेन टाकली, पण पुलाच्या चढावर जोर दिला की खाडकन उडते. चेनच खराब निघाली का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चेन नाही, बहुधा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र. चेन झिजून लांबते, तसतशा दात्यांच्या खाचाही रुंदावतात. नवी चेन त्यात बसत नाही, वर चढते. जुनी चेन फेकली नसेल तर मोजा. पिनेपासून पिनेपर्यंत 24 कड्या म्हणजे बरोबर 12 इंच. अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) वाढ असेल तर चेन बदलून भागतं. एक सूत असेल तर फ्रीव्हीलही गेलं समजा.

जुन्यावर 18 दाते असतील तर नवंही 18 चंच घ्या. फ्रीव्हीलच्या मधल्या खाचेत बसणाऱ्या पान्यानेच ते खोला, छन्नी-हातोडा नको. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावा, हाताने फिरवा. पुढे पायडल मारताना ते आपोआप आवळतं. चेनव्हीलचे (पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे) दाते आकड्यासारखे वाकले असतील तर तेही बदला.

चेनला मधोमध अर्धा इंच ढील ठेवा. लॉकची (चेन जोडणाऱ्या क्लिपची) उघडी बाजू चेनच्या चालीच्या उलट. तेल प्रत्येक रोलरवर एकच थेंब, वरचं पुसून टाका; नाहीतर सोलापूरची धूळ आहेच.