मामांच्या वहीतलं कळसूबाई

प्रश्न : आमच्या मामांच्या ट्रेकच्या वहीत किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांचे अक्षांश-रेखांश आहेत. खात्रीसाठी आधी कळसूबाईची नोंद मोबाइलवरच्या गूगल मॅप्समध्ये टाकली : १९.३६०४, ७३.४२३३. पिन पडली शहापूर-मुरबाडच्या मधे! वही चुकली की नकाशा? (वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे.)
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मामांची नोंद चोख आहे. फोटोत स्पष्ट दिसतंय : १९° ३६′ ०४″ उत्तर, ७३° ४२′ ३३″ पूर्व. हे अंश, मिनिटं, सेकंद आहेत. टाइप करताना खुणा गळाल्या, दशांशचिन्ह आलं आणि शिखर तब्बल ४० किलोमीटर नैर्ऋत्येला सरकलं. अंशात मिनिटं ६० असतात. म्हणून ३६ ला ६० ने भागा, ०.६ आले, ०४ ला ३६०० ने भागा, ०.००११ आले. झाले १९.६०११. रेखांशही तसाच काढा : ७३.७०९२. हे टाका, पिन थेट माथ्यावर पडेल. अक्षांश आधीच हवा बरं का. उलटं टाकलंत तर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पोचाल.

दशांशानंतर चार आकडे ठेवाच. चौथा आकडा एकाने बदलला तर जागा सुमारे ११ मीटर हलते, दुसरा बदलला तर किलोमीटरभर. उन्हाळ्यात पाण्याचं टाकं शोधताना हा फरक फार मोठा असतो.

एक मात्र मामांना जरूर विचारा : आकडे जीपीएसवरून घेतले की सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे छापील भू-नकाशावरून? त्या शीट एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती मापावर बेतलेल्या आहेत, मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर चालतो. आपल्याकडे त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे होते. माथा तरीही दिसतो, कारवीत दडलेलं टाकं दिसत नाही. नोंद शीटवरची असेल तर टाक्यापाशी पोचल्यावर नकाशावर बोट दाबून धरा आणि येणारे आकडे वहीत जुन्या नोंदीशेजारी लिहा. जुनी खोडू नका.

आमच्या ग्रुपमधल्या नव्या मुलांना मी आकडे फोनवर सांगायलाही शिकवतो : 'एकोणीस पॉइंट सहा शून्य एक एक' किंवा 'एकोणीस अंश छत्तीस मिनिटं चार सेकंद'. नुसतं 'एकोणीस, छत्तीस, चार' कधीच नाही. जखमी माणसाला आणायला निघालेल्यांना तेवढ्यावरून वेगळीच डोंगरधार गाठावी लागते.